उद्याची चकती

“वहिनी, हे गल्लीतल्या पोरांना देऊन टाका.”

मी स्वयंपाकघरात गवार निवडत बसले होते. वर्धमानभावजींनी पुठ्ठ्याचा एक मोठा खोका माझ्यासमोर आणून ठेवला आणि ते परत जायला वळलेसुद्धा. हे माझे धाकटे दीर. पुण्यातली नोकरी सोडून उन्हाळ्यात जयसिंगपूरला घरी आले, ते एक बॅग आणि हा खोका घेऊन. तेव्हापासून मागच्या खोलीत पडून असायचे. मिरजेच्या डॉक्टरांनी मनाचा आजार आहे असं सांगून गोळ्या सुरू केल्या होत्या.

“काय आहे यात?” मी विचारलं.

“खेळ आहे. आता मला नको.”

‘आता मला नको’ हे मी त्या आठवड्यात बऱ्याचदा ऐकलं होतं. घड्याळ आतेभावाला दिलं तेव्हा हेच. सायकल पेपर टाकणाऱ्याला, चांगले बूट सासऱ्यांच्या दुकानातल्या माणसाला. सासूबाई तर हरखून गेल्या होत्या. आमचं घर जैनांचं, त्यात सासूबाई धर्माच्या बाबतीत कडक. “बघ राजश्री, एवढ्या तरुण वयात अपरिग्रह आलाय पोराच्या अंगात. वस्तूचा मोह म्हणून नाही,” असं त्या मला सांगायच्या, शेजारणींना सांगायच्या, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या की तिथंही सांगायच्या. सगळी आळी भावजींचं कौतुक करत होती आणि मला मात्र धास्ती वाटत होती. ती का वाटते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तसं माझ्या भीतीला घरात किंमत नव्हती. मी जात्याच भित्री. दाराची कडी दोनदा बघणार, गॅस तीनदा. माझे मिस्टर अभिनंदन म्हणायचे, “हिला आकाशात ढग आला की दारात पूर दिसतो.” त्यांची खताच्या कंपनीत फिरतीची नोकरी, त्यामुळे दारातला पूर बघायला ते घरी नसायचेच.

“थांबा की भावजी,” मी म्हटलं. “खेळायचं कसं ते पोरांना कोण सांगणार? तुम्ही तर घराबाहेर पडत नाही. आधी मला शिकवा, मग मी शिकवते पोरांना.”

ते दारात थांबले. मला तेवढंच हवं होतं. पुढचं काही मलाही सुचलेलं नव्हतं.

त्याच दुपारी मी गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन केला. वस्तू वाटून टाकतायत म्हणून सांगितलं. ते म्हणाले, उद्याच घेऊन या. दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. त्यांनी गोळ्या बदलल्या आणि निघताना मला बाजूला बोलावून सांगितलं, “एकटं ठेवू नका. आणि मनात काय आहे ते त्यांना सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नसतं.”

मी मान हलवली. पण सरळ विचारणं माझ्याच्यानं होईना. दरवेळी शब्द ओठापर्यंत यायचे आणि मी विचारायची, “चहा टाकू?”

खेळाला जागा मिळाली ती माझ्या माहेरच्या डायनिंग टेबलावर. लग्नात बाबांनी हौसेनं दिलेलं, पण सासरी सगळे जमिनीवर मांडी घालून जेवणारे. त्यामुळे ते मधल्या खोलीत इस्त्रीच्या कपड्यांचं ओझं वाहत उभं असायचं. (ते अजूनही आहे आणि अजूनही त्यावर कुणी जेवत नाही.) आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. जेवणं उरकली की संध्याकाळ मोकळी. पहिल्या संध्याकाळी मी कपडे उचलून पलंगावर टाकले आणि भावजींना हाक मारली. मला वाटलं, येणार नाहीत. ते आले, खोका उघडला आणि गुंडाळलेली एक काळी रबरी चटई टेबलावर पसरली. तिच्यावर चांदण्यांचं चित्र होतं.

मग एकेक करून जहाजं बाहेर आली. बोटाएवढी प्लास्टिकची अंतराळयानं, पारदर्शक काडीवर बसवलेली, जणू हवेत तरंगतायत. त्यांची तीन होती, निमुळती, लाल पट्टे रंगवलेली. मला मिळाली ती तीन बिनरंगाची, करडी, पोटं सुटलेली.

“ही माझी? ही तर पुरणाच्या कडबूसारखी दिसतायत.”

“उडतात पण चांगली,” भावजी म्हणाले. तेवढंच.

नियम त्यांनी अगदी थोडक्यात सांगितले, परीक्षा घेणाऱ्या मास्तरसारखे. प्रत्येक जहाजाला एक गोल चकती. तिच्यावर चाली असतात: सरळ, हळू वळण, कडक वळण, वेग कमी, वेग जास्त. आपण काय चाल करणार ते चकती फिरवून ठरवायचं आणि ती पालथी घालून जहाजाशेजारी ठेवायची. दोघांच्या ठेवून झाल्या की उलटायच्या आणि जे निघेल तेच करायचं. त्या चालीची प्लास्टिकची पट्टी जहाजापुढे लावायची, पट्टीच्या शेवटाला जहाज नेऊन ठेवायचं. मग समोर माऱ्यात कुणी आलं तर फासे टाकून गोळी झाडायची.

“आणि एकदा पालथी घातली की हात लावायचा नाही. स्वतःच्याही नाही. दुसऱ्याची तर उचलून बघायचीसुद्धा नाही.”

“आणि मला कुठं जायचंच नसेल तर? आहे तिथंच थांबले तर?”

“थांबता येत नाही. प्रत्येक फेरीला हलावंच लागतं.”

“बरं. आणि टेबलाच्या कडेला पोचलं तर?”

“काठाबाहेर गेलं की ते जहाज गेलं. परत येत नाही.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की माझ्या हातातली चकती घरंगळून खाली पडली.

दुसऱ्याच फेरीत मी घोळ घातला. एक कडबू माझ्याकडे तोंड करून फिरलं होतं. मला ते आत न्यायचं होतं, म्हणून मी माझ्या उजवीकडचं वळण लावलं. चकती उलटली आणि भावजी माझ्याकडे बघायला लागले.

“वहिनी, उजवीकडे तुमच्या नाही. त्याच्या.”

“म्हणजे?”

“त्याच्या आत बसून बघा. त्याचा उजवा हात कुठल्या बाजूला?”

मी बघितलं. त्याचा उजवा हात काठाकडे होता. “अहो, चुकून लागलं की. बदलू द्या एकदा. नवखी आहे मी.”

“नाही. ठेवली की ठेवली.” त्यांनी पट्टी लावली, जहाज उचललं आणि टेबलाच्या बाहेर, इस्त्रीच्या कपड्यांवर नेऊन ठेवलं. सासऱ्यांच्या धोतरावर ते कडबू बिचारं आडवं पडलं. भावजी हसले. आवाज नाही, नुसती ओठांची कड हलली. पण उन्हाळ्यापासून मी ती हललेली बघितली नव्हती.

त्या दिवशी फेरी संपली तेव्हा मी म्हटलं, “आजच्याला पुरे. माझं डोकं एका दिवसात एवढंच चालतं.”

“वहिनी, हा खेळ तासाभरात संपतो.”

“संपत असेल पुण्यात. जयसिंगपुरात रोज एक फेरी. पण उद्याची चकती आत्ताच लावून ठेवायची. रात्रीतून तुम्ही विचार बदलाल, माझा काय भरवसा नाही तुमच्यावर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून जहाजागणिक चकती फिरवली, पालथी घातली. मीही घातल्या. रात्री झोपताना मी मधल्या खोलीत डोकावून त्या पालथ्या चकत्या बघून आले. दाराची कडी बघते तशी.

अशी ती लढाई सुरू झाली आणि रखडत चालली. रोज जेवणं झाली की एक फेरी, आणि उठायच्या आधी माझं पालुपद, “उद्याची चकती लावा, भावजी.” अभिनंदन फिरतीवरून आले की विचारायचे, “अजून तेच चाललंय? एवढ्या वेळात खरं यान मंगळावर पोचलं असतं.” मी हसायची. पण दिवसभर माझा एक कान मागच्या खोलीकडे असायचा. मिक्सर लावतानासुद्धा मी तो मध्येच बंद करून ऐकायची. भावजींचं खाकरणं ऐकू आलं की पुन्हा चालू करायची. चटणी कधी बारीक झालीच नाही त्या दिवसांत.

मी हळूहळू शिकले. डावं-उजवं जहाजाच्या बाजूनं बघायला लागले. एकदा तर फासे असे पडले, की त्यांचं एक लाल पट्टेवालं गेलंच. पण मला एक कळत नव्हतं. माझं कडबू कितीदा तरी त्यांच्या माऱ्यात आयतं सापडायचं. ते पट्टी लावून अंतर मोजायचे आणि म्हणायचे, “जरा लांब पडतंय. राहू दे.” मला ते कधी लांब वाटलं नाही, पण मी काय, नवखी.

भाद्रपद लागला. दशलक्षण पर्व उद्यावर आलं. त्या दहा दिवसांत आमच्याकडे उपास, पूजा, कंदमुळं बंद, मोठ्यानं बोलणंही बेतानं. संध्याकाळी सासूबाई मधल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“उद्यापासून पर्व. ते लढाईचं मांडलेलं उचला आता.”

भावजी लगेच उठले. “बरोबर आहे. नाहीतरी पुरे झालं.” आणि त्यांनी खोका ओढला.

माझं धाबं दणाणलं. “जरा थांबा,” म्हणून मी सासूबाईंचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. सून सासूचा हात धरून ओढतेय हे बघून त्या इतक्या चकित झाल्या, की आल्यासुद्धा.

“आई, तो खेळ उचलू नका. माझं ऐका एवढं.”

“अगं पर्वात मारामारी? खेळ झाला तरी भाव हिंसेचाच की.”

“आई, माझा एक मामा होता. इस्लामपूरचा. तुम्हाला कधी सांगितलं नाही.” मी दार लोटून घेतलं. “त्यानंही असंच सगळं वाटून टाकलं होतं. रेडिओ, शर्ट, सगळं. मला त्याचं पेन दिलं. मी शाळेत ते मैत्रिणींना दाखवत फिरले, माझा मामा किती चांगला म्हणून. आणि त्याच आठवड्यात त्यानं स्वतःला संपवलं.”

सासूबाईंनी वळून मधल्या खोलीकडे बघितलं.

“भावजी रोज उद्याची चकती लावून ठेवतात. म्हणजे उद्या यायचं कबूल करतात. माझ्याजवळ तेवढंच आहे हो. ते उचलू नका.”

त्या खाली पाटावर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. “आणि मी आळीत सांगत फिरले,” एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. दुधानं तोंड पोळलेली मी ताक फुंकत असेनही, पण आज त्या माझ्यासोबत फुंकत होत्या. त्या दिवसापासून राखणीला आम्ही दोघी झालो.

थोड्या वेळानं त्या उठल्या, तोंड धुतलं आणि मधल्या खोलीत गेल्या. भावजींच्या हातात जहाज होतं.

“ठेव ते जागेवर,” त्या म्हणाल्या. “मांडलेलं असू दे. पण पर्व संपेपर्यंत कुणी कुणाला मारायचं नाही. नुसती फिरवा.”

भावजींनी जहाज टेबलावर ठेवलं. मग खाली बघत विचारलं, “आणि एखादं आपणहून काठाबाहेर गेलं तर?”

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. “तीही हिंसाच,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याला मार, नाहीतर स्वतःला. आपल्यात दोन्ही सारखंच पाप आहे बाळा.”

त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या जप करायला निघून गेल्या.

मग त्या दहा दिवसांत आमची जहाजं नुसती फिरत राहिली. गोळ्या नाहीत, फासे नाहीत. माझी दोन कडबू आणि त्यांची लाल पट्टेवाली दोन, एकमेकांभोवती घिरट्या घालायची. बघायला गंमत वाटली असती, जर भावजींचा जीव त्यात असता. पण लढाई थांबली तशी त्यांची चालही ढिली पडली. ते चकती न बघताच फिरवायचे. त्यांचं एक जहाज वळायचंच नाही. रोज सरळ, रोज थोडं पुढं.

चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी दोघांच्या उद्याच्या चकत्या लावून झाल्या आणि मग माझं लक्ष गेलं. त्या जहाजाचं नाक टेबलाच्या काठावर आलं होतं. तोंड बाहेर. सरळ गेलं तर बाहेर, हळू वळलं तरी बाहेर. अगदी कडक वळण घेतलं तरच आत राहील.

“भावजी,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. चहा टाकू?”

“दिवस मावळला वहिनी. चहा कुठला आता.”

ते झोपायला गेले. मी त्या पालथ्या चकतीपाशी उभी राहिले. नुसतं एक बोट लावलं असतं तर कळलं असतं. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्याची उचलून बघायची नाही. आणि खरं सांगते, मला भीतीही वाटत होती. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि आत ‘सरळ’ निघालं तर मी काय करणार होते? मी मागच्या खोलीच्या दाराबाहेर सतरंजी टाकली. सासूबाई आल्या, काही न विचारता त्यांनीही आपली उशी आणली. भावजींना आम्ही सांगितलं, आत उकडतंय.

दुसरा दिवस चतुर्दशीचा. सासूबाईंना निर्जळी उपास, बस्तीत मोठी पूजा. दरवर्षी आम्ही दोघी जायचो. त्या म्हणाल्या, “तू थांब घरी,” आणि एकट्याच गेल्या. सासरेही त्यांच्याबरोबर. मी आणि भावजी दोघंच घरात. मी उगीच भांडी घासली, घासलेली परत घासली. मागच्या खोलीचं दार उघडंच ठेवायला लावलं. ते पलंगावर छताकडे बघत पडले होते.

दुपारी आभाळ भरून आलं. गच्चीवर पर्वाची धुतलेली सोवळी वाळत होती. ती भिजली असती तर सासूबाईंची संध्याकाळची पूजा राहिली असती. मी जिन्यावरून पळत वर गेले, हाताला लागतील तशी ओढून काढली, चिमटे सगळे गच्चीभर उडाले आणि तशीच पळत खाली आले. माझा श्वास चढला होता.

मागच्या खोलीत भावजी नव्हते.

मी हाक मारली, की मारलीच नाही, आठवत नाही. ते मधल्या खोलीत टेबलापाशी उभे होते. मला बघून दचकले.

“काय झालं वहिनी? धावताय कशाला?”

“तुम्ही… इथं काय करताय?”

“पाणी प्यायला आलो होतो.”

पाण्याचा माठ स्वयंपाकघरात असतो. पण मला ते दोन पायांवर उभे दिसत होते, बाकी काही सुचलंच नाही. मी सोवळी छातीशी धरून तिथंच खुर्चीत बसले.

“भिजलात,” ते म्हणाले आणि टॉवेल आणून दिला.

संध्याकाळी सासूबाई उपासानं थकून आल्या आणि आपल्या जपाला बसल्या. आम्ही टेबलापाशी आलो. मी माझ्या चकत्या उलटल्या, जहाजं हलवली. कुठं गेली मला आज आठवत नाही. भावजींनी त्यांच्या आतल्या जहाजाची उलटली, ते हलवलं. मग काठावरच्या जहाजाकडे त्यांचा हात गेला आणि चकतीवर थांबला.

“तुम्ही उचलून बघितली नाहीत ना?”

“नाही.”

“मला वाटलं होतं बघाल.”

“तुम्हीच सांगितलंत, बघायची नाही म्हणून.”

त्यांनी चकती उलटली. कडक वळण. त्यांनी वाकडी पट्टी घेतली, जहाजाच्या नाकाला लावली. जहाज उचलून पट्टीच्या टोकाला ठेवलं. त्याची शेपटी काठाला लागून होती, पण आत होती, आणि तोंड आता टेबलाकडे. मी खुर्ची ओढून बसले.

आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, एवढे दिवस अडकलेलं. “भावजी, सरळ विचारते. तुम्ही जायचं ठरवलं होतं ना?”

त्यांनी मान वर केली नाही. “हो,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“खोका दिला तेव्हापासून. मग तुम्ही रोज एकच फेरी म्हणालात. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, वहिनी, तुम्ही का लांबवताय ते. म्हटलं, वहिनींचा डाव संपेपर्यंत थांबू. आणि तो संपू नये म्हणून तुमची जहाजं मारत नव्हतो.” ते थांबले. “काल मात्र फार थकलो होतो. काल ही सरळ लावली होती.”

“सरळ?” मी चकतीकडे बघितलं. “पण हे तर वळण निघालं.”

“दुपारी बदलली. तुम्ही गच्चीवर गेलात तेव्हा.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझं धोतरावर पडलेलं पहिलं कडबू, एवढी विनवणी केली तरी ज्यांनी मला परत घेऊ दिलं नाही, तेच हे.

“ठेवली की हात लावायचा नाही म्हणाला होतात.”

“हो.”

“स्वतःच्याही नाही.”

“हो. चिटिंगच आहे.” आता त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते. “तुम्ही मान्य केली नाहीत तर जहाज बाहेर ठेवावं लागेल.”

मला रडू आवरेना. पदरानं डोळे पुसत मी म्हटलं, “मान्य आहे. असू दे तिथंच.”

मग आम्ही बसून बोललो. उद्या सकाळी पुन्हा मिरजेला जायचं, हे सगळं डॉक्टरांना सांगायचं, आणि अभिनंदन आणि सासऱ्यांनाही सांगायचं, असं ठरलं. ते नाही म्हणाले नाहीत. आतून सासूबाईंनी जपाची माळ ठेवल्याचा आवाज आला.

“झाला का रे खेळ?” त्यांनी विचारलं.

“नाही आई, चालू आहे अजून,” भावजी म्हणाले. त्यांनी माझ्या कडबूंशेजारच्या चकत्या गोळा केल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या.

“उद्याची लावा, वहिनी.”